बिनडोंग्याची नदी

माझ्या वडिलांनी, म्हणजे बाने, आयुष्यभर वैनगंगेवर डोंगा चालवला. नदीच्या एका काठाला चंद्रपूर जिल्हा, दुसऱ्या काठाला गडचिरोली. या काठाची माणसं त्या काठाला न्यायची आणि त्या काठाची या काठाला आणायची, हाच त्याचा धंदा. आम्ही ढिवर. मासे धरणं आणि माणसं उतरवणं यापलीकडे आमच्या घरात कुणी काही केलं नव्हतं, मी शाळामास्तरीण होईपर्यंत. पुढे पूल झाला आणि डोंगा घाटावर पालथा पडला. बाने त्याचं दुःख केलं असेल तर आम्हाला दाखवलं नाही. संध्याकाळी घाटावर जाऊन बसायचं तेवढं मात्र त्याने सोडलं नाही.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात वरच्या धरणाचं पाणी सोडलं आणि नदी आमच्या चुलीपर्यंत आली. माय जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बा घरात एकटा. शेजाऱ्यांनी त्याला उचलून गावच्या शाळेत नेऊन ठेवलं, तर हा गडी पाणी जरा ओसरताच परत चिखलात हजर. मी चंद्रपूरहून फोनवर रडले, मग ओरडले. म्हटलं, पुरे झालं, माझ्या घरी ये. ‘पाहू,’ म्हणाला. बाच्या ‘पाहू’ची मला जुनी ओळख आहे. त्याचा अर्थ ‘नाही’ असाच असतो, फक्त लेकीला तोंडावर नाही म्हणवत नाही एवढंच.

उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याची एलटीसी निघाली. चंद्रपूरचा मे महिना कसा असतो ते मी काय सांगावं, तिथे कूलरसुद्धा झळा फेकतो. नवरा म्हणाला, हिमाचलला जाऊ, बर्फ पाहू. मी म्हटलं, बाला घेऊन जाऊ. माझ्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. एकदा याला गावातून बाहेर काढायचा, येताना चंद्रपुरात उतरवायचा आणि ‘राहा ना आठ दिवस’ करत करत ठेवूनच घ्यायचा. मागची खोली मी रिकामी केली. नवी गादी आणली. पाठीला ऊन लागेल अशी खिडकीशी खुर्ची लावली. नवऱ्याच्या हे लक्षात आलं तेव्हा तो हसायला लागला.

‘मामाजीले पळवून आनून राह्यली तू.’

‘हो, आनून राह्यली,’ मी म्हटलं. ‘तुमच्या पोटात काऊन दुखते?’

बा यायला एका शब्दात तयार झाला याचंच मला नवल वाटलं. त्याने एवढंच विचारलं, ‘तिथी नदी हाय काय?’ हाय म्हटलं. ‘मंग येतो.’ घोडं गंगेत न्हालं.

बल्लारशाहवरून आम्ही दिल्लीच्या गाडीत बसलो. बाने सोबत सुक्या झिंग्यांची पुरचुंडी घेतली होती. परमुलखात खायला काय मिळेल कुणास ठाऊक! इटारसीच्या आतच अख्ख्या डब्याला झिंग्यांची ओळख झाली. समोरच्या बर्थवरच्या बाईंनी नाकाला पदर लावला, तर बाने त्यांना मोठ्या प्रेमाने विचारलं, ‘बाई, तुमाले देऊ काय थोडेसे?’ त्या बाई पुढे भोपाळपर्यंत वरच्या बर्थवरून खाली उतरल्या नाहीत.

आम्ही गेलो ती दरी कुल्लूच्या बाजूला, बियासला मिळणाऱ्या एका लहान नदीची. दोन्हीकडे देवदारांनी भरलेले डोंगर, त्यांच्यावर बर्फ, आणि तळाशी ती नदी, धोंड्यांवरून धावत, फेसाळत, दिवसभर ओरडत. आमची वैनगंगा कधी बोलत नाही. घाटावर बसलं तरी तिचा आवाज ऐकायला कान द्यावा लागतो. इथे दोन माणसांना काठावर उभं राहून बोलायचं तर ओरडावं लागे. हवेत गारवा, उन्हाला ऊब, सफरचंदाच्या झाडांना सुपारीएवढी फळं. बसमधून उतरल्यावर पहिल्यांदा छाती भरून श्वास घेतला आणि मला माय आठवली. तिने चंद्रपूरच्या पलीकडचं जग पाहिलं नव्हतं. तिला हे दाखवायला हवं होतं असं वाटून डोळे भरून आले.

बा नदीकडे बघत होता. बराच वेळ बघितल्यावर त्याने, आम्ही जिच्या घरी खोली घेतली होती त्या घरमालकिणीला, त्याच्या हिंदीत विचारलं, ‘इस नदी के ढीवर लोग किधर रहते?’

ती माझ्याच वयाची होती, डोक्याला रंगीत रुमाल बांधलेली, गालांवर लाली. तिला प्रश्न कळला नाही. मी समजावून सांगितलं, की नाव चालवणारे, जाळं टाकणारे लोक. ती हसली. म्हणाली, इथे नाव कुठली? या पाण्यात नाव टाकली तर लाकडं खालच्या गावात सापडतील.

‘डोंगाच नाई?’ बा मला म्हणाला. ‘एवढी मोठी नदी अन् तिले आपलं मानूस नाई. बिचारी.’

माझा नवरा हसला. मला नाही हसू आलं. बाला त्या नदीची खरोखर दया आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा पीत होतो, तेवढ्यात बा ‘पाय धुवून येतो’ म्हणून काठाला गेला. नव्या नदीला गेलं की पायाला पाणी लावून घ्यायचं, मग तोंडावर घ्यायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. आता एक सांगायला हवं. आमच्या नदीचं पाणी गढूळ. त्यात तळ कधीच दिसत नाही. ढिवर पाण्याच्या रंगावरून खोली ओळखतो: कुठे चहासारखं, कुठे काळपट, कुठे वाळूच्या रंगाचं. तळ दिसला म्हणजे पाणी घोट्याएवढं, हे त्याला जन्मापासून ठाऊक. आणि इथलं पाणी काचेसारखं. तळाचा गोटा न् गोटा दिसत होता, हात घालून उचलावा असा. बाने धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि घोट्याएवढ्या पाण्यात पाय टाकावा तसा निवांत पाय टाकला.

तो कमरेपर्यंत गेला. पुढच्या क्षणी पाण्याने त्याचे पाय काढून घेतले.

पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. त्याच्या नशिबाने दोन हातांवर मोठी धोंड होती, तिला तो छातीने अडकला. नवरा आणि मी धावलो. नवऱ्याने दंड धरला, मी मागून सदरा धरला आणि आम्ही त्याला ओढून वाळूवर आणला. पाणी इतकं थंड होतं की माझी बोटं लाकडासारखी झाली. बाचे दात वाजत होते. तो काहीतरी सांगायला बघत होता, बहुतेक ‘तळ दिसून राह्यला होता’ असंच काहीतरी, आणि मी त्याला बोलू दिलं नाही.

मी त्याला झोडपून काढलं. तोंडाने. चार माणसं गोळा झाली होती त्यांच्यासमोर. म्हटलं, तुले अक्कल हाय काय? म्हातारा झाला तू. आयकत नाई, कोनाचंच आयकत नाई. मेला असता तं म्या काय केलं असतं? मायनं मले काय म्हटलं असतं? आणि मग मला रडू फुटलं ते थांबेना. माय गेली तेव्हाही मी अशी रडले नव्हते, तेव्हा पाहुण्यांचा स्वयंपाक होता, चहापाणी होतं. सगळं राहिलेलं रडणं त्या वाळूवर निघालं. बा माझ्याकडे बघत राहिला. अंगावरून पाणी निथळत होतं, आणि तो आपला ओला हात माझ्या डोक्यावर फिरवत होता.

घरमालकिणीने त्याला जाड लोकरी कोट घातला आणि लोखंडी शेगडीशी बसवला. त्या शेगडीला तिथे तंदूर म्हणतात. घरभर तिची ऊब पसरते आणि वर किटली उकळत असते. बा तिथे दिवसभर बसून राहिला. संध्याकाळी मी जवळ जाऊन बसले आणि विषय काढला. लोखंड तापलं होतं, शेगडीसुद्धा. म्हटलं, बा, आता गावाले एकटं नाई राह्याचं. चंद्रपूरले माह्याजवर राह्याचं.

‘तू म्हनशील तसं,’ बा म्हणाला.

इतकं सोपं! इतके महिने मी ज्या उत्तरासाठी जिवाचा आटापिटा केला ते शेगडीपाशी आयतं मिळालं. नवऱ्याला खूण केली, झालं बरं का काम. त्या दिवशी मी जेवताना खुशीत होते.

पण दुसऱ्या सकाळी बाने मला विचारलं, ‘चहा पिऊ काय?’

मला वाटलं, सहज विचारलं. मग विचारलं, ‘बाहेर बसू काय?’ मग, ‘कोट काढू काय?’ माझ्या जन्मात या माणसाने कुणाला काही विचारून केलं नव्हतं. मायला तर नाहीच. आता तो खुर्चीच्या कडेवर बसून, हात मांडीवर ठेवून, माझ्या तोंडाकडे बघत होता. मला मागच्या खोलीतली ती खिडकीपासची खुर्ची आठवली आणि त्या खुर्चीत असाच बसलेला बा दिसला. मला बा हवा होता, आणि माझ्या हाती भलताच कुणी म्हातारा लागला होता.

‘बा, मले नको विचारू,’ मी म्हटलं.

‘बरं,’ तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, ‘आंघोळीले जाऊ काय?’

त्याच दिवशी आम्ही पलीकडच्या डोंगरावर निघालो. वर देवदारांच्या जंगलानंतर मोठं कुरण लागतं, तिथून बर्फाची शिखरं अगदी समोर दिसतात, असं घरमालकिणीने सांगितलं होतं. पण नदी ओलांडायला पूल नव्हता, झूला होता. दोन्ही काठांवर खांब, मध्ये जाड लोखंडी तार, आणि तारेला लटकलेला लोखंडी पाळणा, दोन माणसं कशीबशी मावतील एवढा. बसणाऱ्याने तार धरून स्वतःच सरकत जायचं, नाहीतर काठावरच्या कुणीतरी दोर ओढायचा. खाली ती नदी आपली ओरडतच.

नवऱ्याने ते बघितलं आणि त्याला एकदम सफरचंदांविषयी फार उत्सुकता वाटायला लागली. तो बाग बघायला वळला. मी त्याला दंडाला धरून परत आणलं.

बा खांबाशी बसला होता. चढ त्याला झेपणार नव्हताच, तो आम्हाला पोचवायला आला होता. मी थर्मासमधला चहा त्याला दिला. पहिला घोट घेतला असेल-नसेल, आणि पलीकडून हाक आली. नदीच्या आवाजात शब्द कळले नाहीत, नुसती लांबलचक ‘ओ’. त्या काठाला एक म्हातारी पाठीवर गवताचा भारा घेऊन उभी होती.

चहाचा कप मला बघायला मिळाला तो दगडावर ठेवलेला. बा उठला होता. दोर त्याच्या हातात होता.

आमच्या घाटाचा नियमच तसा होता. पलीकडून हाक आली की भरल्या ताटावरून उठायचं. हाक मारणारा भांडणातला आहे की भावकीतला, हे बघायचं नाही. ते तो उतरल्यावर बघायचं. बा उठला की माय त्याच्या ताटावर दुसरं ताट पालथं घालायची आणि आम्ही पोरं जेवत राहायचो. गार भात खाणारा बाप एवढाच मला लहानपणी माहीत होता. सगळ्यांचे बाप गार भातच खातात असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं.

तार पलीकडे जरा उतरती होती, म्हणून रिकामा पाळणा त्याने आधी दोर सोडून पलीकडे जाऊ दिला. म्हातारी बसली, भारा मांडीवर घेतला. मग त्याने पाय रोवले आणि ओढायला लागला. घाई नाही, झटका नाही. एक हात पुढे, एक मागे, कमरेतून. आदल्या दिवशी ज्याला मी सदऱ्याला धरून ओढला होता त्याच्या पाठीकडे मी बघत राहिले. नवरा मदतीला पुढे झाला तर बाने नुसती मान हलवली. पाळणा काठाला लागला. म्हातारी उतरली, भारा पाठीवर घेतला आणि एकदाही वळून न बघता पायवाटेने निघून गेली.

‘काहीच नाई बोलली?’ नवरा म्हणाला.

‘असंच असते जावईबापू,’ बा खुशीत म्हणाला. ‘उतरला मानूस घराकडं पाह्यते. नावाड्याकडं काऊन पाह्यल?’

मग त्याने आम्हा दोघांनाही पलीकडे उतरवलं. नवऱ्याने डोळे मिटून घेतले होते. मी उघडे ठेवले होते. मी बाच्या डोंग्यात शेकडो वेळा बसले होते, पण तेव्हा तो माझ्या मागे उभा असायचा. वल्हवताना त्याचं तोंड कसं दिसतं हे मला कधी दिसलं नव्हतं. आता मी त्याच्यापासून लांब लांब जात होते आणि तो समोर होता. दोर सोडता सोडता तो माझ्याकडे बघून हसला. मला काही विचारायचं त्याच्या मनातसुद्धा नव्हतं.

कुरण सुंदर होतं. पिवळी फुलं, मेंढ्या, आणि हात लांबवला तर लागेल असं बर्फ. नवऱ्याने माझे पुष्कळ फोटो काढले. सगळ्यांत मी खाली नदीकडे बघते आहे.

परत आलो तर बा अजून झुल्यापाशीच. शाळेतून येणाऱ्या पोरी, दुधाचा कॅन घेतलेला एक माणूस, एक शेळी आणि तिची मालकीण, सगळ्यांना त्याने उतरवलं होतं. कुणीतरी त्याला मूठभर अक्रोड दिले होते. तळहात सोलले होते. मी हात पाहायला घेतला तर ओढून घेतला, म्हणाला, ‘काई नाई होत.’ आणि थर्मासकडे बोट दाखवून, ‘चहा दे,’ म्हणाला. विचारलं नाही. ‘दे’ म्हणाला. मला त्याला मिठीच मारावीशी वाटली, पण आमच्याकडे तशी पद्धत नाही, म्हणून मी दोन कप चहा दिला.

परतीच्या गाडीत मी मनाशी ठरवून टाकलं होतं. नागपूर मागे पडलं. बाहेर पुन्हा ते रखरखीत ऊन सुरू झालं, पळसाची वाळकी पानं आणि धुळीचे लोट. मी म्हटलं, ‘बा, चंद्रपूरले उतरून जेवू, अन् मंग मी तुले गावी नेऊन देते.’

तो खिडकीबाहेर बघत होता. ‘खोली केली म्हन्तेस तू माह्यासाठी.’

‘तुले कोन सांगतलं?’

‘जावयानं.’

जावई एकदम मोबाइलमध्ये बुडाला.

‘पावसाळ्यात नाई येत म्या,’ बा म्हणाला. ‘पूल बुडते. मानसं अडकतात. तू कितीकबी रड, तवा नाई येत. पानी उतरलं का येतो.’

माझा कानांवर विश्वास बसेना. ‘खरंच येशील?’

‘पन आपल्या पायानं नाई येनार,’ तो म्हणाला. ‘तू घ्याले ये.’

तो अजून बाहेरच बघत होता. म्हणाला, ‘पोरीच्या घरचं पानी पेत नोयते पहिले बाप. तिच्या घरी राह्याले आपनहून कसा येऊ? तुही माय असती तं दोघं आलो असतो पाहुने म्हून. एकटा म्या तुह्या दारात गठुडं घेऊन उभा राहू काय? दिवारीले म्या येत होतो ना तुले घ्याले? तू आली काय कधी आपल्या मनानं? तशी ये. मानानं ने.’

मला वाटलं होतं, नदीच त्याला सोडत नाही. एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती, की मी त्याला फोनवरून ‘ये’ म्हणत होते. रडून म्हणत होते, ओरडून म्हणत होते. न्यायला एकदाही गेले नव्हते. नवरा मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, ‘मुराळी बनून जा आता.’

पाऊस आला. पूल बुडाला. त्या दिवसांत रात्रंदिवस माझा जीव फोनमध्ये होता, आणि बाचा फोन बहुतेक बंद. नंतर कळलं, की सरकारी बोटवाल्यांसोबत तो घाटावर बसून होता आणि त्यांना आपल्या घरून भात नेऊन देत होता. या खेपेला मी फोनवर ओरडले नाही. मागची खोली तशीच ठेवली.

पाणी उतरल्याचा निरोप आला तशी मी शनिवारी शाळा सुटल्यावर निघाले. फळं घेतली, चिवडा घेतला, बासाठी नवा सदरा घेतला. तो मला न्यायला यायचा तेव्हा माझ्या सासूसाठी असंच काहीबाही घेऊन यायचा. बसमधून उतरून मी आमच्या गल्लीत वळले.

बा ओट्यावर बसला होता. दाढी केलेली. धोतर धुतलेलं, पांढरंशुभ्र. पायात वहाणा घालून, मांडीवर बांधलेलं गठुडं घेऊन, रस्त्याकडे तोंड करून. दिवाळीच्या आधी सासरच्या ओसरीवर मी अशीच बसायचे, घोडागाडीचा आवाज आला की उठून आत जायचे आणि कामात असल्यासारखं दाखवायचे. मला पाहताच बाने गठुडं मांडीवरून खाली ठेवलं आणि पायाने ओट्याखाली सारलं.

‘सकारपासून बसून हाये तुहा बाप,’ शेजारची काकू भिंतीवरून म्हणाली. ‘जेवला बी नाई.’

‘झूट बोलून राह्यली ती,’ बा म्हणाला. ‘म्या आताच बसलो.’